सही सरांची, मजकूर कोणाचा?

नागपूर,
मारबतीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

फोनच लावणार होतो. पण फोनवर तू आधी हसतोस, मग सल्ला देतोस, आणि माझं सांगायचं तसंच राहून जाते. म्हणून पत्र. प्रकृत्या ठीक आहेत. आईचा गुडघा होता तसाच, माझी शुगर होती तशीच. आता मुद्दा.

सरांनी मला माझंच शिफारसपत्र लिहून आणायला सांगितलं.

हास. झालं हसून? मग पुढं वाच.

चार्ल्स वॉलेस ट्रस्टच्या ग्रँटसाठी अर्ज करून राहिलो. काही आठवड्यांचं काम, विलायतेत जायचं, कागद पाहायचे, परत यायचं. ट्रस्ट १९८१ पासूनचा आहे, पैसा त्याच्याही आधीचा. हा वॉलेस १९१६ मध्ये वारला. शॉ वॉलेसवाला. हाव बे, तोच. एमएच्या वर्षांत होस्टेलच्या गच्चीवर तू आणि भुऱ्यानं जिच्या बीअरच्या बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, त्या कंपनीचा मूळपुरुष. अर्जात 'संस्थेशी पूर्वसंबंध' असा रकाना असता तर तुम्हा दोघांची नावं टाकून मोकळा झालो असतो. शिष्यवृत्ती म्हणजे आपलेच पैसे व्याजासकट परत मागणं आहे, असं मी मेघाला पटवून दिलं. ती म्हणाली, तुमचे नाही, सुधीर भाऊजींचे.

विषय तोच, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. तू तोंड वाकडं केलेलं इथून दिसून राहिलं. पण आता शाळा, मिशन, धर्मांतर यातलं काही नाही. १८४५ मध्ये हा माणूस नागपुरात आला, दगड-जीवाश्म गोळा करत फिरला, एका खनिजाला त्याचं नाव मिळालं, हे सगळं तुला मीच नको तितकं ऐकवलं आहे. मला धरून ठेवते ती दुसरी गोष्ट. दगड वेचता वेचता तो गोंडांची गाणी वेचायला लागला. एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या गाणाऱ्याच्या, तोंडून त्यानं त्यांच्या आदिपुरुषाची, लिंगोची कथा उतरवून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे येताना पाण्यात बुडून मेला. कागद मागे राहिले, ते इथला इंग्रज चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापले. आता माझा प्रश्न एवढाच, की गाणारे कोण, सांगणारे कोण, एकेका शब्दाचा अर्थ बसून फोडून देणारे कोण? मुखपृष्ठावर हिस्लॉप आहे, टेंपल आहे. बाकीच्यांचा माग लागलाच तर मिशनच्या पत्रव्यवहारात लागेल, आणि फ्री चर्चच्या परदेशी मिशनचे कागद आहेत एडिनबरोला, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये. इथं म्युझियमच्या, अजब बंगल्याच्या पायरीवर बसून ते व्हायचं नाही.

आठवते, तुझ्या लूनावर डबलसीट जुनापाणीची शिळावर्तुळं पाहायला गेलो होतो? तू म्हणाला होतास, एवढ्या उन्हात हे दगड गोल मांडणारे एक तर भक्त असतील नाहीतर पीएचडीचे विद्यार्थी.

ना हरकत पत्राची रड सांगत नाही, तुझ्या बँकेत तुला तेच पाहावं लागते. प्राचार्यांनी फक्त विचारलं, "हिस्लॉपवरच काम आहे तर हिस्लॉप कॉलेजात जा ना, एडिनबरो कशाला?" आणि मग खरा प्रश्न, "पोर्शन कोण पूर्ण करणार?" पोर्शन तासिकावाली पोरं पूर्ण करतात सर, वर्षभर तीच करतात, असं मी मनात म्हणालो. पत्र मिळालं. प्रस्तावही दोन पानांत कसाबसा बसवला. राहिलं ते शिफारसपत्र. ते सरांशिवाय कोणाकडून घेणार?

गेलो लक्ष्मीनगरला. सर आता थकले बे. कानात मशीन आहे, ते काढून टेबलावर ठेवतात आणि मग बोलतात, म्हणजे आपलं काही ऐकावं लागत नाही. काकूंनी चिवडा दिला, तोच, लसणाचा. मी अर्ज समजावून सांगितला, प्रस्ताव पुढं ठेवला. त्यांनी पानं उलटली. मला वाटलं आता काही बोलतील. म्हणाले, "मॅटर तूच करून आण. एक पान. इंग्रजीत. मी वाचून सही करतो." आणि मी जिन्यापर्यंत पोचलो तर मागून, "वाचत नाही, सहीच करतो. डोळ्याचं ऑपरेशन आहे."

आता तू म्हणशील यात काय नवीन. काहीच नाही. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे रहिवासी दाखला. सिन्सिअर, हार्डवर्किंग, बेअर्स गुड मॉरल कॅरेक्टर. नाव बदललं की दुसऱ्याला चालते. पांडेनं तर एक कोरं छापून ठेवलं होतं, त्यात 'ही / शी' असं लिहून नको ते खोडायचा. तिकडे मात्र असं पत्र लोक वाचतात म्हणे. हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही, ते त्याला ओळखणाऱ्यानं लिहिलेलं. म्हणजे आपण ज्याच्याकडे शिक्का म्हणून पाहतो, तो कागद ते साक्ष म्हणून वाचणार. तिथंच माझं अडून बसलं.

रात्री लिहायला बसलो. पहिला खर्डा मेघानं वाचला आणि म्हणाली, ही शिफारस आहे का हजेरीपट? मग दुसरा लिहिला, जरा सैल हात सोडून. त्यात मी विदर्भाच्या इतिहासलेखनाला वळण देणारा वगैरे झालो. सकाळी वाचला तेव्हा स्वतःच्याच सत्कार समारंभात बसल्यासारखं वाटलं, हार गळ्यात आणि पंखा बंद. तिसरा सरांच्या आवाजात लिहायचा ठरवला. आणि तो सुरूच होईना. कारण सर कोणाला चांगलं म्हणतच नसत ना! ढोकच्या थीसिसवर त्यांनी 'रीडेबल' एवढा शेरा मारला तर त्यानं पेढे वाटले होते. त्या माणसाच्या तोंडी मी 'आउटस्टँडिंग' कसा घालू?

गंमत म्हणजे दुसऱ्याचं पत्र मला चहा निवायच्या आत जमते. आमच्याकडच्या एका पोरीला यंदा जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, मिळाली. महिन्याला ३७ हजार, घरभाडं वेगळं. तुझ्या फेलोशिपचे आठ हजार आठवले, आणि तेही कधी वेळेवर आले नाहीत. मावशीच्या मेसचं तुझं खातं ग्रँटपेक्षा मोठं झालं होतं. असो. तिला एका कार्यशाळेसाठी शिफारस हवी होती. मी लिहिलं, की हिनं जुन्या गॅझेटियरमधली एक चूक मूळ कागद काढून मला दाखवली, आणि ती दाखवताना तिला भीती वाटत होती, तरी दाखवली. झालं पत्र. माझ्याबद्दल असं एक वाक्य मला सुचून नाही राहिलं. म्हणजे सुचते, पण ते मी पाहिलेलं असते. सरांनी काय पाहिलं?

तिथं येऊन थांबलो, सुध्या. तुला म्हणून सांगतो. मला शिफारस नकोच होती. मला सरांचं मत पाहिजे होतं. एवढी वर्षं झाली, त्यांच्या घरची लग्नं लावली, काकूंच्या दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो, पण आपण बरे की बेताचे, ते या माणसानं कधी कळू दिलं नाही. माझ्या दुसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदाशेजारी पेन्सिलची बारीक खूण आहे. बरोबर म्हणून केली, की इथवर वाचलं म्हणून, ते अजून समजलं नाही. वाटलं, आता एक पान तरी लिहावं लागेल. तर तेही मीच लिहायचं!

आणि हो, तो विषय मला टाळता येत नाही, तूही टाळू नको. गौरवग्रंथाची प्रस्तावना. तुझे शब्द, सरांचं नाव. लॉ कॉलेज चौकातल्या पोह्याच्या गाडीवर तू माझ्यावर जो पेटला होतास! मी म्हणालो होतो, सही मोठ्या माणसाची असली की मजकूर जगतो, तुला पुढं कामी येईल. तू म्हणालास, पुढं म्हणजे कधी, बे? आणि प्लेट तशीच सोडून निघून गेलास. तर्रीसकट. पैसे मी दिले, अजून बाकी आहेत. माझं म्हणणं तेव्हा जे होतं ते आजही आहे. ती प्रस्तावना सरांच्या नावानं छापली म्हणून आज दहा लोक तिच्यातलं उचलतात. तुझ्या नावानं आली असती तर ती तू आणि मीच वाचली असती. तू फेलोशिप सोडून बँकेची परीक्षा दिलीस ती त्या प्रस्तावनेपायी नाही, आठ हजारांपायी दिलीस. हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि तू तेव्हाही ऐकलं नव्हतं. पण आज मजा पाय. तू सरांचा मजकूर लिहिलास तर तुझं नाव गेलं, मी सरांचा मजकूर लिहीन तर माझंच नाव त्यात भरून राहणार. यातला जास्त हास्यास्पद कोण, ते तू ठरव.

काल मारबत पाहायला इतवारीत गेलो होतो, इराला दाखवायला. काळ्या मारबतीचा पुतळा आला, पिवळीचा आला, बडग्यांचे पुतळे आले, सगळ्या नेत्यांचा उद्धार झाला. लोक इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडत होते, गर्दीत मी पण ओरडलो, शिफारसपत्र घेऊन जा गे मारबत! शेजारच्या माणसानं मान डोलावली. तोही मास्तर असावा.

मेघाचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, तुम्ही लिहू नका, सरही लिहिणार नाहीत, तर सरांना बोलायला लावा आणि उतरवून घ्या. तुमच्या त्या हिस्लॉपनं नाही का केलं? बोलणाऱ्याचं नाव खाली राहीलच, सहीच त्यांची आहे. ऐकल्यावर मी गप्पच झालो. इतकी सोपी गोष्ट इतिहासाच्या माणसाला सुचू नये आणि एलआयसीतल्या बाईला सुचावी.

पण भीती वाटून राहिली, यार. समोर वही घेऊन बसलो, म्हणालो, सर बोला, आणि सर दोन वाक्यं बोलून थांबले तर? "नियमित आहे. अक्षर चांगलं आहे." मग? तो कागद मी एडिनबरोला पाठवू शकीन एक वेळ, पण तो ऐकून घरी कसा येऊ? मी लिहिलेल्या खोट्या पत्रावर त्यांनी सही केली तर निदान काही कळणार तरी नाही. न कळण्याची सवय आहे मला.

तर तू ये. हेच मागायला एवढं लिहिलं. सर माझ्यासमोर बोलत नाहीत, तुझ्यासमोर बोलायचे. भांडायचे, पण बोलायचे. तू आवाज चढवलास की त्यांचाही चढायचा आणि मग खरं बाहेर यायचं. त्या दिवशी चिवडा खाताना त्यांनी तुझं विचारलं, "तो सुधीर कुठं असतो?" मी म्हणालो, नाशकात, मॅनेजर आहे. तर म्हणाले, "त्यानं लिहायला पाहिजे होतं." पुढं काही नाही. मशीन टेबलावर होतं, म्हणून मीही काही बोललो नाही. याचा अर्थ तुला काय लावायचा तो लाव. मला वाटते, गौरवग्रंथाचं त्यांनाही आठवते. पण ते माझं वाटणं.

शनिवारी संध्याकाळी नाशिक रोडवरून सेवाग्राम धर, सकाळी नागपूर. स्टेशनवर मी येतो. लक्ष्मीनगरला दहा वाजता जाऊ, त्याआधी पोहे. लिहून मी घेईन, विचारशील तू. माझ्याबद्दल काय वाटते ते त्यांना तोंडावर विचार, आणि ते जे बोलतील ते मध्ये सुधारू नको. तू सुधारतोस. काकूंना सांगून ठेवतो, म्हणजे मशीन कानातच राहील.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची शाळा सुरू झाली असेल. चिन्मयचं ॲडमिशन कुठं झालं ते कळवलं नाहीस, का मीच विसरलो? ब्लडप्रेशरची गोळी घेत जा, भुऱ्या सांगत होता तू मध्येच बंद केली. वहिनींना नमस्कार.

व्हॉट्सॲपवर नुसतं 'हो' टाकलं तरी तिकीट काढतो. 'नाही' असेल तर मात्र पत्र लिही, सविस्तर, कारणासकट.

तुझा,
नंदू

ता.क. नाशिकचा चिवडा आणू नको. काकू मनाला लावून घेतात.