आबांच्या लाँचच्या इंजिनाबद्दल

हॅम्बल, साउथॅम्प्टनजवळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. त्या दिवशी फोन मध्येच कट झाला आणि मुद्दा राहूनच गेला, म्हणून सविस्तर लिहितोय. आबांच्या लाँचला सहा सिलिंडरी मोठं इंजिन बसवायचं तुझ्या मनात आहे. माझ्या बोटीची दोन्ही इंजिनं आत्ताच बदलून झालीत, म्हणून तू मला विचारलंस. माझं मत एका ओळीचं आहे: किती घोड्यांचं (हॉर्सपॉवरचं) इंजिन हे बोटीच्या तळाला विचारून ठरवायचं, खिशाला किंवा हौसेला विचारून नाही. पण मी नुसतं सांगितलं तर तू ऐकायचा नाहीस, आधी कारण मागशील. म्हणून इथे काय काय केलं ते आधी वाच.

माझी बोट फेअरी हंट्समन, २८ फुटी, १९६०च्या दशकातली. जिथे ती बांधली त्या हॅम्बल नदीवरच आजही उभी आहे. फेअरी हे मूळचं विमानवाल्यांचं नाव. रिचर्ड फेअरीने १९१५ साली कंपनी काढली. १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू ज्या स्वोर्डफिश विमानांच्या टॉर्पेडोने निकामी झालं, ती विमानं यांचीच. युद्ध संपल्यावर त्यांनी हॅम्बलला बोटी बांधायला घेतल्या. पद्धत अशी की साच्यावर अगबा नावाच्या पश्चिम आफ्रिकेतल्या लाकडाचे पातळ पापुद्रे तिरके लावायचे, वरचा थर खालच्याच्या उलट दिशेने, मध्ये सरस. मग त्यावर पिशवी ओढून आतली हवा शोषून घ्यायची आणि अख्खा तळ एका अवाढव्य ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, दाबाखाली भाजून काढायचा. आपल्याकडे सागवानी फळ्या जोडतात आणि सांध्यांत कापूस ठोकतात. इथे मुळात सांधाच नाही. एकसंध, हलका आणि अतिशय ताठ असा हल, म्हणजे बोटीचं धड, मिळतो. एवढ्या वर्षांनी तो आतून पाहिला तेव्हा त्या कारागिरांपुढे मी मनोमन हात जोडले.

तळाचा आकार डीप-व्ही, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल. ही कल्पना रे हंट या अमेरिकन रचनाकाराची. १९६०च्या मायामी-नासाऊ शर्यतीत त्याच्या तळाची 'मॉपी' खवळलेल्या समुद्रात सगळ्यांच्या पुढे गेली आणि वेगाच्या बोटींचा विचारच बदलला. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते. व्ही मात्र थेट मागच्या टोकापर्यंत खोल ठेवला की ती लाट चिरत जाते. फेअरीच्या अ‍ॅलन बर्नार्डने त्याच विचारावर आपल्या बोटी रेखाटल्या. १९६१ पासून इंग्लंडात सुरू झालेल्या काउज-टॉर्की शर्यतीत त्या धावल्या, नुसत्या धावल्या नाहीत तर शर्यतीच्या शेवटपर्यंत टिकल्या, आणि डिझेलवर टिकल्या. त्या काळी हे मोठं होतं.

आता लाकडाची गोष्ट. तुझ्याही कामाची आहे. बोट समुद्राच्या पाण्याने कुजते असं लोकांना वाटतं. खारं पाणी लाकडाला तितकं वाईट नसतं. कुजवतं ते पावसाचं पाणी. डेकच्या कडेला रंगाला बारीक चीर पडते, पाऊस आत झिरपतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. लाकडी दांड्याच्या छोट्या हातोडीने मी आख्खा हल ठोकत गेलो. धड लाकूड टणक, कोरडा आवाज देतं. थर सुटले असतील तिथे आवाज बसका येतो, आणि तिथेच हाताचं बोट टेकवून हलकं दाबलं की वरचा थर किंचित आत जाऊन परत येतो. खडूने खुणा करत गेलो तेव्हा उजव्या बाजूला डेकच्या खाली हातभर लांबीचा पट्टा निघाला. आधीच्या कुणीतरी तिथे नुसती लांबी (पुटी) भरून वरून रंग मारला होता. ती सगळी खरवडली, लाकूड महिनोन् महिने छपराखाली वाळू दिलं, ओलावा मोजायच्या मीटरने पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मग एकेक थर पायऱ्यापायऱ्यांनी मागे कापत नेला. प्रत्येक पायरीवर नवा पापुद्रा इपॉक्सीत, जुन्याच्याच तिरक्या दिशेने. वेळखाऊ काम आहे, पण घाई केलीस तर ओल आत बंद होते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. आबांच्या लाँचचंही आधी डेकच्या कडा आणि केबिनचे कोपरे बघ. तळ नंतर.

इंजिनं. मूळची दोन पर्किन्स ६.३५४ होती. सहा सिलिंडर, ३५४ घनइंच, म्हणून ते नाव. आपल्या हिशोबात ५.८ लिटर. दणकट इंजिन, पण वय झालं होतं. सिलिंडर झिजलेले, कूलिंगचे खाऱ्या पाण्याचे भाग गंजून पातळ झालेले, आणि वजन प्रत्येकी अर्ध्या टनाच्या आसपास. त्यांच्या जागी ओव्हरहॉल केलेली दोन यानमार घेतली, ४एलएचए मालिकेतली, चार सिलिंडरी, साडेतीन लिटरच्या आत. हा एकच ब्लॉक कंपनीने १६०, २०० आणि २४० घोडे अशा तीन रूपांत काढला. विकणारा २४० घ्या म्हणून मागे लागला होता. मी १६० घेतली, कारण हा तळ, हे सुकाणू आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट धरणारे ब्रॅकेट साधारण तेवढ्याच ताकदीला बांधलेले आहेत. शिवाय या इंजिनांचा डिझेल पंप साधा यांत्रिक आहे, संगणक नाही. भर समुद्रात बंद पडलं तर पाना घेऊन काहीतरी करता येतं. तुला हे वेगळं सांगायला नको.

तू विचारलंस, जुनं इंजिन काढलं मग बोट जुनी कसली राहिली? मला तसं वाटत नाही. इंजिन हा झिजायचा भाग आहे, बांधणाऱ्यांनीही ते बदलता येईल असंच बसवलं होतं. तो हल मात्र कुणालाही पुन्हा तसा बनवता येणार नाही. त्याच्यात एकही नवं भोक न पाडता, इंजिनाखालचे जुनेच लाकडी दांडे, म्हणजे बेड, ठेवून, वरून पोलादी अडॅप्टर लावून इंजिनं बसवली, यातच माझं समाधान आहे. उद्या कुणाला पर्किन्स परत बसवावीशी वाटली तर बसतील.

खरी गंमत इंजिन आत उतरवल्यावर सुरू होते. प्रत्येक बाजूला शंभर किलोंहून जास्त वजन कमी झालं, त्यामुळे बोट पाण्यात वर बसली आणि तिचा तोलही सरकला. बॅटऱ्यांची जागा बदलून तो साधला. यानमार पूर्ण ताकद मिनिटाला ३,३०० फेऱ्यांना देतं, पर्किन्स त्याहून बऱ्याच खाली. म्हणजे गिअरबॉक्सचं रिडक्शन (इंजिनाच्या फेऱ्या कमी करायचं प्रमाण) वेगळं, आणि रिडक्शन वेगळं म्हणजे पंखा वेगळा. जुने पंखे मोह न धरता काढून ठेवले. दोन्ही पंखे उलटसुलट फिरायला हवेत, मागून पाहिलं तर उजवा उजवीकडे आणि डावा डावीकडे, नाहीतर बोट एका अंगाला ओढते. ते आता गिअरबॉक्समधूनच जमतं.

आणि अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं. जमिनीवर असताना ती नुसती अंदाजाने केली. बोट ठोकळ्यांवर असते तेव्हा तिचा आकार वेगळा, तरंगते तेव्हा वेगळा. पाण्यात सोडल्यावर एक-दोन दिवस तिला तशीच बसू दिली, मग इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडवून त्याच्या दोन्ही फ्लँज (चकत्या) एकमेकींना भिडवल्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, घालून फट मोजली. हिशोब असा की फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊपेक्षा (इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा) जास्त फरक नको. म्हणजे पाच इंची फ्लँजला पाच थाऊ. माउंटिंगचा नट पाव फेरा फिरवला की वरची फट मिटते आणि बाजूची उघडते. चिकाटीचं काम आहे. पण शेवटी चारही बाजूंना तीच पट्टी तशाच हलक्या ओढीने सरकली, आणि शाफ्ट नुसत्या हाताने फिरायला लागला, तेव्हा फार बरं वाटलं.

चाचणीला सोलेंटमध्ये, म्हणजे इथल्या सामुद्रधुनीत, गेलो. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही इंजिनं ३,३००च्या जरा वर गेली, धूर स्वच्छ. पंखा बरोबर आहे की नाही हे यावरूनच कळतं. इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पंखा त्याला जड होतोय आणि ते हळूहळू मरतंय असं समज.

आता तुझी लाँच. माझी बोट पाण्यावर उचलली जाते, म्हणून तिला ताकदीचा उपयोग आहे. आबांची लाँच पाणी बाजूला सारत चालते. अशा बोटीच्या वेगाला तिची लांबीच वेसण घालते. पाण्यावरची लांबी फुटांत घे, तिचं वर्गमूळ काढ आणि १.३४ ने गुण. ३६ फूट असेल तर सहा गुणिले १.३४, म्हणजे आठ नॉट. त्यापुढे तू दुप्पट घोडे लावलेस तरी ती आपल्याच लाटेच्या मागे चढ चढत बसणार. मागचा भाग खाली जाईल, डिझेल दुप्पट जळेल आणि बेड आणि फळ्यांचे सांधे हलतील. म्हणून मोठं सहा सिलिंडरी घेऊ नकोस. आहे तेवढ्याच ताकदीचं, शक्यतो कमी वजनाचं घे, आणि वाचलेले पैसे चांगल्या गिअरबॉक्सवर आणि नव्या पंख्यावर घाल.

पण हेही मी मोजमापांशिवाय बोलतोय. मिरकरवाडा बंदरात गेलास की एवढं लिहून पाठव: पाण्यावरची लांबी, शाफ्टचा व्यास, गिअरबॉक्सवरच्या पाटीवरचा आकडा, पंख्यावर ठोकलेले दोन आकडे (पहिला व्यास, दुसरा पिच), आणि इंजिनाखालच्या दोन दांड्यांमधलं आतून आतपर्यंतचं अंतर. फोटो काढलेस तर बेडचे जवळून काढ, ओल कुठे धरलीय ते दिसलं पाहिजे. आणि ही मोजमापं माझ्यापर्यंत येईपर्यंत कुणालाही इसार देऊ नकोस.

आबांना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
विनू