दारापाशीच्या खुंट्यांविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दारापाशी उभा असलेला कपड्यांचा स्टँड काढून टाकायचा आणि त्याच्या जागी भिंतीवर लाकडी खुंट्यांची फळी बसवायची, हे मी तुम्हाला न विचारताच ठरवले आहे आणि फळी तयारही झाली आहे. विचारले असते तर तुम्ही दोघांनीही "कशाला उगाच त्रास घेतेस" म्हणून विषय तिथेच संपवला असता. बाबा, तो स्टँड तुम्ही किती हौसेने आणला होता ते मला ठाऊक आहे. तो मोडीत निघणार नाही. मी तो माझ्याकडे नेणार आहे. पण त्याचे पाय त्या अरुंद वाटेत पसरलेले असतात, एका बाजूला ओला रेनकोट अडकवला की तो कलतो आणि रात्री दिवा न लावता तुम्ही तिथूनच जाता. गेल्या पावसाळ्यानंतर मला त्या वाटेची सतत काळजी वाटते. भिंतीवरच्या फळीमुळे जमीन पूर्ण मोकळी राहील आणि केर काढतानाही मध्ये काही येणार नाही.

फळी सागवानाची आहे: ८० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड. तिच्यावर पाच खुंट्या आहेत. दोन खुंट्यांमध्ये १६ सेंटिमीटर अंतर ठेवले आहे, कारण त्याहून जवळ घेतल्या तर जाड कपडे एकमेकांवर चढतात आणि खालचा काढताना वरचा पडतो. भोके सरळ न पाडता किंचित तिरकी पाडली आहेत, म्हणजे खुंटीचे टोक साधारण पाच अंशांनी वर राहते आणि कपडा आपोआप फळीकडे सरकतो. सागवानात स्वतःचे तेल असल्यामुळे नुसत्या गोंदावर माझा भरवसा नव्हता. म्हणून खुंटीचे मागचे टोक आरपार काढून, त्याला चीर देऊन, त्यात पाचर ठोकली आहे. पाचर फळीच्या रेषांना आडवी बसवली आहे, नाहीतर ती फळीच चिरते. बाबा, लाकडाला हात लावण्याआधी त्याच्या रेषा कुठे चालल्या आहेत ते बघायला तुम्हीच मला शिकवले. रंध्यावर माझ्या हातांवर तुमचे हात असायचे, आणि निघालेली लांब, गुंडाळलेली साल मी जपून ठेवायची. ही फळी रंधताना तेच हात माझ्या हातांवर असल्यासारखे वाटत होते.

आई, उंचीचा विचार मी तुझ्या खांद्यासाठी केला आहे. अशा खुंट्या साधारणपणे दीडेक मीटरवर लावतात, पण तिथे कोट अडकवायला तुला हात डोक्याच्या वर न्यावा लागेल. म्हणून खुंट्या जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर येतील. तिथे लांब रेनकोटही जमिनीला टेकणार नाही आणि टोके तुम्हा दोघांच्याही डोळ्यांच्या खाली राहतील. तरीसुद्धा सगळी टोके गोल करून, पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत केली आहेत की तुझ्या विणलेल्या स्वेटरचा एक धागासुद्धा अडकणार नाही. शेवटी लावलेले जवसाचे तेल पूर्ण सुकून त्याचा वास गेला, की मगच फळी घेऊन येईन. तुझ्या फिक्या कपड्यांना डाग लागणार नाहीत.

आता थोडे ऐका, आणि कृपया वाद घालू नका. फळी भिंतीवर मीच बसवणार आहे. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचे नाही. तुम्हाला जमणार नाही असे मी म्हणत नाही; तुम्ही खाली उभे राहून फळी पाणसळीत आहे की नाही ते सांगायचे, कारण तुमच्या नजरेइतकी खात्री मला दुसऱ्या कशाची नाही. स्क्रू वरच्या कडेजवळ एका ओळीत येतील. खुंटीवर वजन आले की फळीची खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि वरची कड भिंतीपासून सुटू पाहते, त्यामुळे पकड वरच हवी. शिवाय हवेतल्या ओलाव्याने फळी रुंदीत कमीजास्त झाली, तरी तिला खाली मोकळीक राहते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ७५ मिलिमीटर लांब घेतले आहेत, कारण फळी आणि गिलावा ओलांडून ते विटेत नीट शिरायला हवेत. नुसत्या गिलाव्यात बसवलेली गिट्टी, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकतात तो प्लग, कधीतरी ढेपाळतेच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चपला घालताना या खुंट्यांना धरायचे नाही. त्या कपड्यांचे आणि पिशव्यांचे वजन पेलतील. तोल जाणाऱ्या माणसाचे पेलण्यासाठी त्या नाहीत. आधारासाठी शेजारी धातूचा वेगळा दांडा बसवणार आहे आणि खाली टेकायला एक बाक ठेवणार आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटू नये. तो दांडा मलाही लागेल, सामान हातात घेऊन आत येताना मीसुद्धा भिंतच धरते. आई, रोज लागणारे कपडेच तिथे ठेव. एकाच खुंटीवर खूप कपडे चढवलेस तर ते पुढे येऊन वाट पुन्हा अरुंद होईल. ओला रेनकोट दाराजवळच्या शेवटच्या खुंटीवर, आणि त्याच्या शेजारची खुंटी रिकामी.

दारापाशी विजेची बटणे आहेत, त्यांच्या सरळ वर किंवा खाली भिंतीत तारा असू शकतात. तिथे मला ड्रिल लावायचे नाही. म्हणून बटणांपासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून मला फोनवर सांगा. आईने टेप धरावा, बाबांनी आकडा वाचावा, आणि चष्मा लावून वाचावा.

तुमची,
लेक