वहीला नाव लागतं, चेहरा लागतो, गुन्हा लागतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अ‍ॅनिमेमधल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, अँटीहिरोंवर लेख आला होता. पेपरात या विषयावर कुणीतरी लिहिलं म्हणून आधी खूश झालो, पण 'डेथ नोट' या मालिकेतल्या लाइट यागामीबद्दल (नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही सापडलेला हुशार विद्यार्थी) "हेतू चांगला होता, मार्ग चुकला" असं जे वाक्य त्यात आहे तिथे माझं डोकं फिरलं. कॉलेजात असताना मीपण हेच म्हणायचो, तावातावाने भांडायचो सुद्धा. आत्ता भाच्याबरोबर सगळे 37 एपिसोड परत बघितले आणि स्वतःचीच लाज वाटली.

हेतूचंच बघा. पहिल्याच एपिसोडमधे वही मिळून जेमतेम पाच दिवस झालेत, रियुक, म्हणजे ती वही टाकणारा मृत्यूदेव, त्याच्या खोलीत येतो तर पानंच्या पानं नावांनी भरलेली. तेव्हाच लाइट त्याला सांगतो की मोठे गुन्हेगार हार्ट अटॅकने मारायचे आणि मग ज्यांचा इतरांना नुसता त्रास होतो अशा लोकांना आजार, अ‍ॅक्सिडेंट असं करून हळूहळू संपवायचं, आणि मी नव्या जगाचा देव होणार. म्हणजे गुन्हेगारांपाशी थांबायचा विचार पाचव्या दिवशीसुद्धा नव्हता. यावर रियुक म्हणतो की मग वाईट माणूस तू एकटाच उरशील की रे, आणि या हुशार पोराला तो जोक कळतच नाही, तो मनापासून सांगतो की मी तर आदर्श विद्यार्थी आहे.

आणि दुसरा एपिसोड, लिंड एल. टेलरचा. टीव्हीवर एक सूटबूटातला माणूस येतो, मी एल (या खुनांचा तपास करणारा डिटेक्टिव्ह) आहे म्हणतो आणि किराला (लोकांनी या खुन्याला, म्हणजे लाइटला, दिलेलं नाव) दुष्ट म्हणतो, बस एवढंच. लाइट चिडून त्याचं नाव लिहितो, 40 सेकंदांत तो माणूस टेबलावर कोसळतो. मग खरा एल सांगतो की हा फाशीचा कैदी होता, याच्या अटकेची बातमी कुठेच आलेली नाही. आता हे सगळे एलची हुशारी म्हणून बघतात, तो कार्यक्रम फक्त टोकियोच्या आसपासच्या कांतो भागात दाखवून त्याने किरा कुठे आहे ते कसं काढलं वगैरे, आणि ते भारी आहेच. पण भाच्याने पॉज करून विचारलं, "मामा, म्हणजे लाइटला तर तो साधा डिटेक्टिव्हच वाटत होता ना?" हो रे बाबा. त्याच्या लेखी तो माणूस निर्दोष होता, "तू चुकतोयस" एवढं म्हणाला म्हणून मेला. पुढे त्याचा माग काढणारे 12 एफबीआय एजंट आणि त्यातल्याच एकाची होणारी बायको नाओमी मिसोरा मेले ते त्याच हिशोबात.

मला मुख्य सांगायचंय ते वहीच्या नियमांबद्दल. नाव पाहिजे, चेहरा डोळ्यासमोर पाहिजे, कारण लिहायचं तर तेही लिहिता येतं, पण या माणसाने खरंच ते केलंय का हा प्रश्न ती वही कधीच विचारत नाही. लाइटपण विचारत नाही. त्याचा पुरावा म्हणजे टीव्हीवरच्या बातम्या आणि पोलिस असलेल्या बापाच्या कॉम्प्युटरमधून चोरलेली पोलिसांची माहिती.

हे कुठे घडतंय तर जपानमधे, आणि तिथलीच इवाओ हाकामादाची केस घ्या. 1966 मधे शिझुओकात मिसो कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरातल्या चौघांचा खून झाला, हाकामादा तिथे कामाला होता, आधी बॉक्सर होता. अटक, कित्येक दिवस तासन्‌तास चौकशी, मग कबुली, आणि वर्षभराहून जास्त काळाने मिसोच्या टाकीत रक्ताचे कपडे सापडले. 1968 मधे फाशीची शिक्षा. त्या तीन जजपैकी एकाने 2007 मधे जाहीर सांगितलं की मला तो निर्दोष वाटत होता पण बाकीच्या दोघांपुढे माझं चाललं नाही. बहीण हिदेको लढत राहिली, 2014 मधे तो बाहेर आला आणि सप्टेंबर 2024 मधे निर्दोष सुटला, तपास करणाऱ्यांनीच पुरावा बनवला होता असं कोर्ट म्हणालं, तेव्हा त्याचं वय 88. किराला लागणारं सगळं होतं की इथे, नाव, चेहरा, वर कबुलीसुद्धा, त्याने विचारसुद्धा न करता लिहून टाकलं असतं आणि हिदेकोला लढायला कोणी उरलंच नसतं.

फॅन लोक म्हणतात युद्धं थांबली, गुन्हे 70 टक्क्यांनी कमी झाले. अहो पण हे सांगतो कोण? पकडला गेल्यावर स्वतः लाइट!

मधे वही सोडून दिल्यामुळे लाइटची तिच्याबद्दलची आठवण जाते ते एपिसोड मला आता सगळ्यात भीतीदायक वाटतात. वही डोक्यातून गेली की तोच पोरगा इतका सरळ की त्याच्या प्रेमात पडलेल्या मिसाच्या भावनांशी खेळायला नाही म्हणतो. मग हेलिकॉप्टरमधे वही हातात येते, सगळं आठवून तो किंचाळतो, आणि दोन मिनिटांत घड्याळात लपवलेल्या कागदावर स्वतःच्या रक्ताने आणखी एकाचं नाव लिहितो. माणूस तोच, फक्त आपण बरोबर आहोत ही खात्री परत आलीय.

'कोड गिआस' या दुसऱ्या मालिकेच्या नायकाला, लेलूशला, लेखात याच रांगेत बसवलंय तेही चुकीचं वाटतं. त्याच्या हातूनही भयंकर गोष्टी झाल्या, त्याची सावत्र बहीण युफेमिया, तिचं तर बघवत नाही, पण शेवटी मरणाऱ्यांच्या यादीत त्याने स्वतःचंही नाव धरलं. लाइट शेवटी गोळ्या लागून गोदामात सरपटत होता तेव्हासुद्धा बाकी कोणाचं तरी नाव लिहायला सांगत होता.

आणि त्याचे वडील सोइचिरो, ते जातात तो सीन. मृत्यूदेवाचे डोळे घेतलेल्याला माणसाचं नाव आणि उरलेलं आयुष्य दिसतं, फक्त वहीच्या मालकाचं आयुष्य दिसत नाही; त्यांना पोराचं दिसतं म्हणजे वही पोराची नाही, म्हणजे तो किरा नाही, या आनंदात ते डोळे मिटतात, आणि पोरगा शेजारी बसून ओरडत असतो की बाबा, मेलोचं, त्या शत्रूचं, खरं नाव वहीत लिहा. "हेतू चांगला" लिहिणाऱ्यांनी एवढा एक सीन परत बघावा ही विनंती, एपिसोड 29, वीसेक मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक जुना अ‍ॅनिमेवाला वाचक