लाल फोन नव्हे, टेलिप्रिंटर!

महोदय,

अमेरिका-रशिया ‘हॉटलाइन’चा, म्हणजे दोन्ही देशांच्या नेत्यांमधील थेट संपर्क-लाइनचा, विषय निघाला की लाल फोनचे चित्र हटकून छापले जाते. ते चुकीचे आहे. ती लाइन टेलिप्रिंटरची, म्हणजे इकडे टाइप केलेला मजकूर तिकडे कागदावर छापणाऱ्या यंत्राची, होती, आणि त्यामागे पक्का विचार होता. बोलताना दुभाष्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अनर्थ; कागदावरचा मजकूर मात्र पुन्हा वाचता येतो, शांतपणे उत्तर लिहिता येते.

गरज पटली ती ऑक्टोबर १९६२मध्ये, क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे लांबलचक पत्र हाती पडून उलगडायला वॉशिंग्टनला जवळपास १२ तास लागले. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनीच नंतर लिहिले आहे, की त्यांच्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून येत असे! जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर, आणि निरोप सायकलवर.

२० जून १९६३ रोजी जिनिव्हात करार झाला, ३० ऑगस्टला लाइन सुरू झाली. केबल लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे मॉस्कोला जाई; ती तुटलीच तर मोरोक्कोतील टँजियरमार्गे रेडिओ. वॉशिंग्टनहून मजकूर इंग्रजीत, मॉस्कोहून रशियनमध्ये. भाषांतर ज्याने-त्याने आपल्याकडे करायचे. म्हणून दोघांनी एकमेकांना आपापल्या लिपीची यंत्रे दिली. लाइन जिवंत आहे ना, हे पाहायला चाचणी-संदेश दर तासाला जात. जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात ती प्रथम खऱ्या अर्थाने कामी आली.

कृपया पुढच्या वेळी चित्र टेलिप्रिंटरचे छापावे.

– एक वाचक, सातारा