नैर्ऋत्येकडचे दोन सेकंद

ता. रिसोड, जि. वाशीम
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

काल गणपती बसले, परवा महालक्ष्म्या येतील. घरात बायामाणसांची धांदल चालू आहे, म्हणून मी ओसरीवर कागद घेऊन बसलोय. परवा फोनवर मी २०१७ सालच्या गॅमा झोताचं, म्हणजे आकाशातून अचानक आलेल्या गॅमा किरणांच्या लोटाचं, सांगत होतो आणि तू विचारलंस, "दोन सेकंदांच्या उजेडावरून एवढं सारं कसं काय सांगतात बे हे लोक?" तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच.

तारीख १७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. पोळा चार दिवसांवर आला होता. आपल्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. फर्मी उपग्रहावरच्या शोधकांमध्ये, म्हणजे किरण टिपणाऱ्या यंत्रांमध्ये, गॅमा किरणांच्या नोंदी एकाएकी वाढल्या आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. उपग्रहाने स्वतःच ते ओळखलं आणि चौदा सेकंदांत जगभर सूचना गेली. तिथे कुणी माणूस डोळे लावून बसलेला नव्हता.

हे किरण जमिनीवर पोचतच नाहीत, वातावरणात वरच्या वर संपतात. म्हणून यांचा शोध लागला तोच मुळी उपग्रहांमुळे, आणि तोही भलत्याच कामावरच्या. अवकाशात कुणी चोरून अणुचाचणी करतं का, हे पाहायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. १९६७ साली त्यांच्यात एक झोत नोंदला गेला, पण तो अणुस्फोटासारखा दिसत नव्हता. पुढे असे आणखी सापडले आणि १९७३ साली ते जाहीर झालं.

आता मोजतात कसे ते सांगतो. फर्मीवर सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांचे बारा शोधक आहेत. गॅमा किरण स्फटिकात शिरला की स्फटिक अगदी क्षीण चमकतो, ती चमक विजेच्या ठोक्यात बदलते आणि ठोका मोजला जातो. बाराही शोधकांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. ज्याचं तोंड उगमाकडे, त्याच्यात ठोके जास्त; तिरकस असेल त्याच्यात कमी. या कमी-जास्तीवरून दिशा काढायची. पण ही दिशा फार ढोबळ असते. त्या दिवशी फर्मीने आकाशाचा जो तुकडा दाखवला, त्यात पौर्णिमेचे पाच हजारांवर चंद्र मावले असते. एवढ्या जागेत दुर्बीण कुठे लावणार?

कालावधी मोजण्याची रीतही मला फार आवडते. पार्श्वभूमीचे ठोके कायम चालूच असतात, त्यामुळे झोत नेमका कधी सुरू झाला आणि कधी संपला हे ठरत नाही. म्हणून झोताच्या एकूण ठोक्यांतले पहिले पाच टक्के सोडायचे, शेवटचे पाच टक्के सोडायचे, आणि मधल्या नव्वद टक्क्यांना लागलेला वेळ हाच कालावधी धरायचा. नव्वदच्या दशकात कॉम्प्टन वेधशाळेने असे हजारो झोत मोजले, तेव्हा त्यांचे दोन गट पडलेले दिसले. मधली सीमा साधारण दोन सेकंदांची. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा लांब झोत येतो. आखूड झोत दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गाभे, एकमेकांवर आदळल्यामुळे येत असावेत, असा अंदाज होता. पुराव्याच्या जवळ जाणाऱ्या खुणा मिळत होत्या, पण थेट साक्ष नव्हती.

ती त्या गुरुवारी मिळाली. अमेरिकेतल्या लायगोमध्ये, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी) टिपणाऱ्या शोधकात, शंभरेक सेकंद चाललेली अशी एक लहर नोंदली गेली होती. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगरत जवळ येत होते, त्याची ती लहर. ती संपली आणि १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा किरण दिसले. हे किरण आणि ही लहर, दोघं सुमारे तेरा कोटी वर्षं चालून आले होते लेका, आणि पोचण्यात फरक दोन सेकंदांहून कमी! त्यातलाही काही उशीर मुळात निघतानाच झालेला असणार. गुरुत्वाकर्षणाचा वेग प्रकाशाइतकाच असतो हे इतक्या बारकाईने त्याआधी कुणी तपासू शकलं नव्हतं. हे वर्गात सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण मला तुला मुख्य सांगायचंय ते ज्यांना काही दिसलं नाही त्यांच्याबद्दल. वर्तमानपत्रांनी तेव्हा अशा टकरीत सोनं कसं बनतं एवढंच छापलं, हा भाग कुणी सांगितलाच नाही.

इटलीत लायगोसारखाच व्हर्गो नावाचा शोधक आहे. तोही चालू होता, पण त्याच्यात ती लहर जेमतेम उमटली. या यंत्रांना काही दिशांकडून येणारी लहर जवळजवळ जाणवत नाही. म्हणजे उगम त्यांपैकीच एखाद्या दिशेला हवा! एवढ्या एका गोष्टीने शोधायची जागा एकदम आवळली आणि अठ्ठावीस चौरस अंशांवर आली. आणि आपला अ‍ॅस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला भारताचा उपग्रह. त्याच्यावर सीझेडटीआय नावाचा शोधक आहे, चौसष्ट तुकड्यांचा. शेकडो गॅमा झोत त्याने टिपले आहेत. त्या क्षणी त्याला काहीही दिसलं नाही. साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून पाहताना जवळपास तीस टक्के आकाश पृथ्वीच झाकून टाकते. शोधक चालू होता, उघड्या आकाशात झोत असता तर दिसला असता. दिसला नाही, त्याअर्थी तो त्या झाकलेल्या भागातच होता. बाकीचं आकाश बाद.

आमच्या शाळेत पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला आठवीतली वैष्णवी मोजपात्रात पाणी ओतते, उकिडवी बसून पात्र डोळ्यांच्या रेषेत धरते आणि पाण्याचा मधला खोलगट भाग वाचते. फार नेटकं काम आहे तिचं. जुलैत उघाड पडली तेव्हा मी वही पाहिली, तर चार-पाच रकाने कोरे. विचारलं तर म्हणते, "पाणी आलंच नाही सर, तं लिवू काय?" मी तिला बसवून समजावलं, की शून्य लिव. कोरा रकाना म्हणजे त्या दिवशी आपण पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं, आणि पाऊस नव्हता. मंडळात पाऊस आणि आपल्या शिवारात टिपूस नाही, असं किती वेळा होतं! त्या दिवशीचं आपलं शून्य नसेल तर कुणाला काय सांगणार? अ‍ॅस्ट्रोसॅटच्या वहीत त्या संध्याकाळी शून्य होतं. रकाना कोरा नव्हता.

पुढचं थोडक्यात. इंटिग्रल या दुसऱ्या उपग्रहालाही झोत दिसला होता. तो पृथ्वीपासून बराच लांब फिरतो, त्यामुळे किरण त्याच्याकडे आणि फर्मीकडे वेगवेगळ्या क्षणी पोचले. त्या फरकावरूनही दिशेची खात्री झाली. सगळ्यांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या तेव्हा दुर्बिणींना पाहता येईल एवढा तुकडा उरला. टक्कर झाल्यावर साधारण अकरा तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. मग साऱ्या जगाच्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

या दीर्घिकेचं स्थान प्रसिद्ध आहे, तेव्हा मी बसून हिशेब केला की त्या क्षणी आपल्या वाशीम जिल्ह्यातून ती कुठे असेल. क्षितिजावर चौतीस अंश, बरोबर नैर्ऋत्येला! सूर्य अजून मावळायचा होता. लोक पोळ्याच्या झुली, मटाट्या काढून बैलांच्या अंगाला लावून पाहत असतील, आणि वावरांच्या वर, आपल्याच हवेच्या वरच्या थरात ते किरण येऊन संपत होते. शाळेच्या मैदानावर उभं राहून मी पोरांना हाताने ती जागा दाखवली. त्यातला एक बराच वेळ तिकडेच पाहत राहिला.

आणखी एक सांगतो, कारण ते मला कुणी सांगितलं नाही, वाचता वाचता माझं मलाच जुळलं. ७ मार्च २०२३ ला आणखी एक झोत आला. तो अर्ध्या मिनिटाहून जास्त चालला, तरी टकरीतूनच आलेला निघाला. म्हणजे दोन सेकंदांची सीमा काही दगडावरची रेघ नव्हे. त्याच्या मागे उरलेल्या उजेडात जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम हे मूलद्रव्य दिसलं. आणि आपल्या सीझेडटीआयचे स्फटिक कशाचे आहेत? कॅडमियम झिंक टेल्युराइडचे. अशा टकरींत जे घडतं, त्यातलंच एक द्रव्य वापरून आपण त्या टकरी टिपतो आहोत. मला यापेक्षा सुंदर काही ठाऊक नाही, दिलीप.

आता तर लायगो-इंडिया शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरी दिली. इतक्या दूर, वेगळ्या ठिकाणी आणखी एक शोधक आला की दिशा कितीतरी नेमकी कळेल. कॉलेजात असताना आपण औंढ्याला दर्शनाला गेलो होतो, आठवतं ना? आमच्या पोरांपैकी एखाद्याने तिथे नोकरीला लागावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते होण्यासारखं आहे.

म्हणूनच एक काम सांगतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र लोकांसाठी उघडं असतं. सीझेडटीआयचा डेटा तिथेच तपासला जातो. आठवी-नववीची पोरं घेऊन यायचा विचार पक्का आहे. एसटीचं मी पाहतो. अडचण मुक्कामाची आहे. तुझ्या सोसायटीच्या हॉलमध्ये दोन रात्री सोय होईल का? सतरंज्या आम्ही आणू, गाद्या लागत नाहीत. मुलींसोबत आमच्या एक मॅडम येतील, त्यांना आणि मुलींना घरी ठेवता आलं तर वहिनींना आधी विचारून घे. सेक्रेटरीला अर्ज लागत असेल तर शाळेच्या लेटरहेडवर पाठवतो. दिवाळीच्या आत कळव, म्हणजे पालकांच्या सह्या घेता येतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक