सापळा भरला म्हणजे आंबा वाचला असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की फळमाशीच्या सापळ्यांच्या बातम्या सुरू होतात. सोबत डब्यात खच पडलेल्या माश्यांचा फोटो असतोच. सापळा उपयोगाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या डब्यातल्या जवळजवळ सगळ्या माश्या नर असतात आणि फळात अंडी घालणारी मादी सापळ्यातल्या वासाकडे सहसा फिरकत नाही, एवढी गोष्ट बातमीत राहून जाते. मग डबा भरूनही आंब्यात अळी कशी, म्हणून बागायतदार कपाळाला हात लावतो.

आंब्यावरच्या मुख्य फळमाशीचा, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसचा, नर मिथाइल युजेनॉल या सापळ्यातल्या रसायनाच्या वासामागे धावतो. बिहारमधल्या पुसा येथे काम करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१५ साली हे रसायन ओळखले. नराला त्याची एवढी ओढ का, याचे उत्तर मिळायला मात्र पुढे अनेक दशके लागली. नर ते चाटतो. शरीरात त्यापासून दोन वेगळी रसायने तयार होतात आणि गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठतात. दिवस मावळताना नर झाडावर जमतात. एकेक नर एकेक पान धरून बसतो, दुसरा आला तर त्याला हुसकावतो आणि पंख थरथरवत साठवलेला गंध हवेत सोडतो. मादी येते, पारखते आणि बऱ्याच जणांना नाकारून निघून जाते. हवाईत कीटकशास्त्रज्ञ टॉड शेली व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की मिथाइल युजेनॉल एकदा खाल्लेला नर न खाल्लेल्या नरावर मात करतो आणि ही सरशी ३५ दिवसांनंतरही टिकते. लैंगिक निवड म्हणतात ती हीच, आणि आपला सापळा तिच्याच जोरावर चालतो.

आता बागेत काय बिघडते ते पाहा. सापळ्यातला प्लायवूडचा तुकडा अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक ६:४:१ या प्रमाणात मिसळून त्यात भिजवलेला असतो. उन्हापावसात कीटकनाशकाची धार आधी गेली आणि वास मागे राहिला, तर तो सापळा उरत नाही, नरांची मेजवानी होते. नर येतो, पोटभर चाटतो आणि संध्याकाळी मादीच्या नजरेत भरेल असा होऊन परततो. तपासणे सोपे आहे: सकाळी सापळ्याजवळ थोडा वेळ उभे राहावे. माशी तुकड्यावर बसून चाटून उडून जात असेल, तर तुकडा त्याच दिवशी बदलावा, पाकिटावरची मुदत संपायची वाट पाहू नये. डबा रिकामा दिसला म्हणून माशी नाही असेही समजू नये; मेलेल्या माश्या मुंग्या ओढून नेतात. टांगायच्या तारेला ग्रीस लावले की मुंग्या थांबतात.

दुसरी चूक उशिराची. एकदा चाटलेला नर पुन्हा त्या वासाकडे कमी येतो. काळ्या तुळशीतही मिथाइल युजेनॉल असते, तिथे पोट भरलेले नर आपल्या डब्याकडे यायची शक्यता कमी. म्हणून फळ तयार व्हायच्या निदान दीड-दोन महिने आधी सापळे सावलीत, डोक्याच्या उंचीला लागलेले हवेत.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. शंभर माद्या आहेत आणि शंभरातले नव्वद नर मारले, असे धरा. मीलन रात्रभर चालू शकते, म्हणून एका नराची एका संध्याकाळी एकच मादी धरू. तरीही उरलेले दहा नर दहा संध्याकाळींत शंभर माद्या फळवतात. मादी शुक्राणू साठवून पुढे कित्येक दिवस अंडी घालत राहते. म्हणजे नव्वद टक्के नर मारूनही फारसे काही साधत नाही. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात याच पद्धतीने ही माशी नामशेष झाली, कारण विमानातून सबंध बेटावर पुन्हा पुन्हा विषारी तुकडे टाकले गेले आणि चहूबाजूंनी समुद्र होता. आपल्या एकरभर बागेला गडग्यापलीकडे शेजाऱ्याची बाग असते, आणि तिथून येणारी मादी आधीच फळलेली असते. सापळे वाटायचे तर गावभर, एकाच आठवड्यात वाटावेत. सुटे वाटप म्हणजे फोटोची सोय.

मादीसाठी उपाय वेगळा. अंडी पिकवायला तिला प्रथिने लागतात, म्हणून प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळून खोडावर व पानांवर ठिपक्यांनी फवारतात. पडलेली फळे रोज वेचून फूट-दोन फूट खोल पुरावीत. अळी फळातून निघून वरच्या मातीतच कोष करते. कारल्या-काकडीवरची माशी वेगळी, तिचा नर क्यू-ल्यूर या दुसऱ्याच रसायनाकडे येतो. वेलवर्गीय पिकात आंब्याचा सापळा लावून काही उपयोग नाही.

एक धोका अजून कोणी बोलत नाही. वासाकडे न जाणारे नर वाचतात. शेली यांनीच १९९७ मध्ये प्रयोगशाळेत अशा नरांची पुढे पैदास करून दाखवले की पिढ्यांगणिक वासाची ओढ कमी होऊ शकते. बागेत मादीची आवड नेमकी उलट दिशेला, चाटणाऱ्या नराकडे ओढते, हेच काय ते आपल्या पथ्यावर पडणारे. निव्वळ सापळ्यावर भिस्त ठेवली तर हा तराजू कुठे झुकेल याचा भरवसा नाही.

२०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा अडवला तो फळमाशीच्याच कारणावरून. तेव्हा यंदा फोटोतल्या माश्या मोजण्याऐवजी सापळे लावलेल्या व न लावलेल्या बागांतली प्रत्येकी शंभर फळे वेगळ्या आढीत ठेवून, पिकल्यावर किती फळांत अळी निघाली तो आकडा आपण छापावा, ही विनंती.

आपला,
कीटकशास्त्राचा एक अभ्यासक, रत्नागिरी