कॅप्टनच्या कडकपणाचं एवढं कौतुक कशाला?

मा. संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला सागरी कादंबऱ्यांवरचा लेख वाचला, माहिती चांगली होती पण एक गोष्ट काही पटली नाही म्हणून लिहायला बसलो. लेखकाचं म्हणणं असं की जुन्या आरमारी जहाजांवर कॅप्टनचा शब्द म्हंजे कायदा, अन् आजच्या साहेब लोकांनी त्याच्याकडून लीडरशिप शिकावी. आता आम्ही पडलो सेलूचे, समुद्र बघायचा तर रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून मुंबई गाठावी लागते, पण असल्या कादंबऱ्या मात्र भरपूर वाचल्यात.

अन् वाचताना नेमकं उलटंच दिसतं हो. ब्रिटिश आरमाराचंच घ्या. 'हर्मायनी' जहाजाचा कॅप्टन पिगॉट, याच्याइतका कडक माणूस सापडायचा नाही. डोलकाठीवरून शेवटी जो खाली येईल त्याला फटके असं म्हणला, पोरं घाबरून घाईघाईत उतरायला लागली अन् तिघं वरून पडून मेले, तर हा म्हणतो टाका समुद्रात. १७९७ च्या सप्टेंबरमध्ये त्याच क्रूनं त्याला अन् बऱ्याच अधिकाऱ्यांना मारलं आणि जहाज नेऊन शत्रूच्या, म्हंजे स्पेनच्या हवाली केलं. घ्या लीडरशिप!

'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावरचं बंड सगळ्यांना माहीत असतं, १७८९ चं. कॅप्टन ब्लायला १८ जणांसोबत सात मीटरच्या होडीत बसवून सोडून दिलं, तिथपर्यंतच गोष्ट सांगतात. पण खरी गोष्ट मागं राहिलेल्यांची आहे. काही जणांना ब्लायसोबत जायचं होतं, पण बंडवाल्यांनी सुतारकाम अन् शस्त्रं दुरुस्तीची माणसं मुद्दाम ठेवून घेतली, होडीतही जागा नव्हती. पुढं १७९१ मध्ये 'पँडोरा' जहाज बंडवाल्यांना धरायला ताहितीला आलं, तर ठेवून घेतलेल्यांतला शस्त्रं दुरुस्तीवाला कोलमन आपण होऊन पहिला जहाजावर गेला, की बाबा सुटलो एकदाचा. त्यालाच बेड्या! डेकवर लाकडी पिंजरा ठोकला अन् दोषी-निर्दोष सगळे १४ जण त्यात कोंबले. नंतर ते जहाज खडकावर फुटलं, चार कैदी बुडाले. राहिलेल्या दहा जणांचं कोर्ट मार्शल १७९२ ला झालं, कोलमन धरून चौघं निर्दोष सुटले. आता सांगा, ज्यानं इमान सोडलं नाही त्यानं पिंजऱ्यात महिनोन्महिने काय विचार केला असेल? आणि ब्लायलाही जहाज गमावलं म्हणून कोर्टापुढं उभं राहावंच लागलं होतं बरं का, सुटला ती गोष्ट वेगळी. लेखात याच्यावर एक ओळ नाही.

दुसरं म्हंजे आपल्याकडं याहून भारी मसाला पडलाय आणि पुरवणीवाले विलायतेतच फिरतात. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. समुद्रातून वॉटसनचं इंग्रजी आरमार, जमिनीवरून पेशव्यांची फौज, अन् मधी तुळाजी आंग्रे, म्हंजे कान्होजींचाच मुलगा. आख्खं आरमार जळून खाक झालं. तुळाजी मराठ्यांच्या हाती लागला तो जन्मभर कैदेतच राहिला, अन् किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना ठेंगा. त्या गलबतांवरच्या तांडेलानं, खलाशानं इमान ठेवायचं तरी कुणाशी, आंग्र्यांशी, पेशव्यांशी का साताऱ्याच्या गादीशी? समोरून गोळे इंग्रजांचे अन् मागच्या डोंगरावर झेंडे आपलेच. तुळाजी तरी काही साधा माणूस नव्हता, त्याचे भाऊसुद्धा त्याच्यावर नाराज होते, पण म्हणूनच तर कादंबरी रंगंल ना!

तेव्हा पुढच्या रविवारी विजयदुर्गावर कुणाकडून तरी लिहून घ्या अशी विनंती, आणि ते लिहिताना तुळाजीचा पराक्रम दोन पॅरात उरकून गलबतावरच्या माणसांना जास्त जागा द्या.

आपला एक वाचक,
सेलू, जि. परभणी